छोटी सही

फ्लास्क तिसऱ्यांदा विसळून तिने तो खिडकीकडे धरला. आतल्या काचेवरून पाण्याचा अखंड पापुद्रा सरकत खाली आला. कुठे थेंब अडला नाही, कुठे ओघळ फुटला नाही. म्हणजे स्वच्छ. तिने फ्लास्क रॅकवर उलटा ठेवला, हात पुसले आणि ॲप्रनच्या खिशातून एक गोल फिल्टर पेपर काढला. कडेला दुमडलेला, कामातून गेलेला. त्यावर पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती. ती पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून तिने तो कागद पलीकडच्या खोलीत केमिस्ट मॅडमच्या टेबलावर वॉच ग्लासच्या वाटोळ्या काचेखाली सरकवला.

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेंटी टू इयर्स. बरोबर की चूक?’

चहाच्या वेळी कागद परत आला. मागच्या बाजूला मॅडमचं बारीक, सरळ अक्षर होतं.

‘दोन चुका आहेत. बावीस वर्षं मात्र बरोबर. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ चाललं ते सांगायचं तर फॉर. आणि नळ तेव्हा उघडला, अजून वाहतोच आहे, म्हणून ॲम नाही, हॅव बीन.’

ती उभ्याउभ्याच हसली. मग कागदाची चौघडी करून तो खिशात ठेवला. घरी वहीत चिकटवायचा होता.

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. म्हणणाऱ्यांत दोघं-तिघं तिच्याहून मोठेही होते. मागच्या बाजूची लांबट खोली तिची. दोन सिंक, ॲसिडचा टब, एक ओव्हन, आणि भिंतीला दोरीने टांगलेलं धुण्याचं रजिस्टर. कुठला रॅक, ॲसिडमध्ये किती वेळ, किती पाण्यांनी विसळला, ओव्हनमध्ये कधी गेला, याच्या नोंदी त्यात असत. आकडे आणि बरोबरच्या खुणा. भाषेचा संबंध नाही. चुकलं तर खोडरबर चालायचा नाही, गिरवायचं नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलेल्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता यावं. वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही आणि तारीख. बावीस वर्षांत ही गोष्ट तिच्या मनगटात इतकी मुरली होती की घरी दुधाच्या कॅलेंडरवरसुद्धा ती अशीच खाडाखोड करी. नवरा म्हणे, “दुधाला काय ऑडिट लागणार आहे का?”

सात महिन्यांपूर्वी फलकावर सूचना लागली होती. नमुना खोलीत एक नोंदणी सहायक हवा. बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या तपासून घ्यायच्या, नोंद करायची, अपुरं असेल ते परत पाठवायचं. नोंदी इंग्रजीत. लेखी परीक्षा. बाहेरच्यांनाही अर्ज करता येईल, वयाची अट पंचेचाळीस. तिचं चव्वेचाळिसावं निम्मं सरलं होतं. ॲसिडने बोटांची टोकं भेगाळलेली, हातमोज्यांच्या आतही चुरचुरणारी. तिने सूचना दोनदा वाचली आणि मॅडमकडे गेली.

मॅडम निवृत्तीला टेकल्या होत्या. बोलणं मोजकं, ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब सोडल्यासारखं.

“रोज एक प्रश्न,” त्या म्हणाल्या होत्या. “एकच. दोन विचारलेत तर दोन्ही विसराल.”

“आणि फी?”

“प्रश्न चांगला पाहिजे.”

तेव्हापासून हा फिल्टर पेपरचा व्यवहार सुरू झाला. आधी लहान लहान शंका असत. अवरच्या आधी ॲन का, एच तर दिसतोय? ‘दिसतो, पण ऐकू येत नाही. कानाने ठरवा.’ डिस्कस अबाउट का चालत नाही? ‘डिस्कसच्या पोटात अबाउट आधीच आहे. भरलेल्या बाटलीत परत भरू नका.’ ‘द’ने तर तिला पंधरा दिवस छळलं. शेवटी मॅडमनी लिहिलं, ‘मी म्हटलं बाटली आणा आणि तुम्ही रॅकवरची कुठलीही आणलीत, तर ती अ बॉटल. तुम्ही विचारलंत नाही, सरळ तीच आणलीत, कारण कुठली ते दोघींना ठाऊक होतं, तर ती द बॉटल.’ त्या दिवशी तिने धुताना प्रत्येक काचेला मनातल्या मनात अ आणि द लावून पाहिलं.

स्टोअरकीपरला यात गंमत वाटे. ब्रश आणि साबण द्यायला आला की तो दारातूनच विचारी, “काय मावशी, आता फ्लास्क इंग्रजीत धुणार का?”

“तुम्ही साबण मराठीत वेळेवर द्या,” ती म्हणे. “पुढचं मी बघते.”

घरी मुलगी होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिला आईची वही बघवत नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

“इन्फर्मेशन्स? आई, एस काढ आधी. दात आंबले.”

“एकाहून जास्त माहिती असेल तर?”

“तरी नाही.”

“का नाही?”

“नाही म्हणजे नाही. असतं तसं.” मुलीने रबर पुढे केलं. आईने ते बाजूला सारलं, एसवर एक रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख टाकली. मुलीने कपाळाला हात लावला. “स्वतःच्या वहीत सही कोण करतं?”

“चुकलं कोण? मी. मग सही कोणाची करू?”

दुसऱ्या दिवशीच्या फिल्टर पेपरवर उत्तर आलं: ‘पाणी मोजता येत नाही, बाटल्या मोजता येतात. माहितीचं पाण्यासारखं आहे.’ मुलीने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “हे आम्हाला असं कोणी सांगितलं नाही.” त्यानंतर ती रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास आईजवळ बसू लागली. चिडचिड सुटली नाही, पण रबर पुढे करणं थांबलं.

हे सगळं बढतीसाठीच आहे, असं सगळे धरून चालले होते. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी एका रॅकचं शेवटचं विसळणं तिच्याकडून राहून गेलं होतं. मध्येच डिस्टिल्ड वॉटर संपलं, ते भरून आणेपर्यंत तिला वाटलं की झालंय. लक्षात आलं तोवर त्या चाळीस बाटल्या बाहेर जाऊन भरून परतही आल्या होत्या. काचेवर काही दिसत नव्हतं. कोणाला कळायचं काही कारण नव्हतं. ती स्वतःहून मॅडमकडे गेली आणि सांगितलं. चाळीस नमुने टाकून द्यावे लागले. अशा वेळी एक फॉर्म भरायचा असतो. अधिकृत नाव काही का असेना, प्रयोगशाळेत त्याला ‘पापाचा कागद’ म्हणत. त्यात चार चौकटी: काय घडलं, कसं लक्षात आलं, कशावर परिणाम झाला, पुढे काय करावं. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तो मॅडमनी लिहिला. तिने नुसती सही केली. आपण कशाखाली सही केली ते तिला वाचता आलं नव्हतं, आणि विचारायची हिंमत त्या दिवशी नव्हती.

शिकायला लागून चार महिने झाल्यावर तिने तो कागद जुन्या फाइलमधून काढून घेतला आणि सिंकशेजारी उभं राहून वाचला. दुसऱ्या चौकटीत होतं: ‘ग्लासवेअर वॉज फाउंड इनॅडिक्वेटली रिन्स्ड.’ काचेची भांडी नीट विसळलेली नसल्याचं आढळून आलं. तिने ते पुन्हा वाचलं. ती कुठेच नव्हती. चुकलेली तीही नव्हती, आणि सांगायला गेलेली तीही नव्हती. खाली सही तेवढी होती.

त्या दिवशीचा प्रश्न होता, ‘वॉज फाउंड. कोणी फाउंड?’

उत्तराला दोन दिवस लागले. ‘विज्ञानात असं लिहायची पद्धत आहे. माणूस बाजूला, घडलं ते समोर.’ आणि खाली, त्याहून बारीक अक्षरात, ‘तुम्ही. मला आठवतं.’

हा कागद तिने वहीत चिकटवला नाही. पाकिटात ठेवला.

परीक्षा रविवारी सकाळी एका शाळेत झाली. बाकं लहान मुलांची, गुडघे वर येत. एकतीस उमेदवार होते, बहुतेक तिच्या मुलीच्या वयाचे. शेजारची मुलगी पेन आपटून आपटून शाई खाली आणत होती. उत्तरपत्रिकेवर नाव नव्हतं, फक्त एक क्रमांक. तिने प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागच्या सूचना पहिल्या ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, कारण बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही ही तिची सवय होती. सगळ्या समजल्या. तेवढ्यानेच तिला धीर आला. रिकाम्या जागा भरल्या, चुकीची वाक्यं दुरुस्त केली. शेवटचा प्रश्न टिपणाचा होता: गळकी बाटली आली आहे, पाठवणाऱ्याला कळवा. त्यावर ती पाऊण तास रमली. बाटली तिला डोळ्यांसमोर दिसत होती, झाकणाची सैल चकती, लेबलावर पसरलेली शाई. लिहिता लिहिता नऊ ठिकाणी शब्द बदलला.

घरी आली तेव्हा मुलीने प्रश्नपत्रिका ओढूनच घेतली.

“सोपा होता. टिपण जमलं?”

“जमलं असं वाटतंय. नऊ वेळा खोडलं, पण स्वच्छ खोडलंय.”

मुलीने कागद उलटा केला, सूचनांवरून नजर फिरवली, आणि मध्येच थांबली. “आई. सात नंबर वाचला होतास ना? उत्तरपत्रिकेवर नाव किंवा ओळख पटेल अशी कुठलीही खूण करू नये, केल्यास पेपर रद्द होईल.”

“वाचला ना. नाव कुठे लिहिलं मी? नुसतं खोडलं तिथे…”

तिच्या हातात पाण्याचं भांडं होतं. ते तिने ओट्यावर ठेवलं, मग पुन्हा उचलून जरा आत सरकवून ठेवलं.

“नऊ ठिकाणी?” मुलीने हळूच विचारलं.

“तारखेसकट.”

मग मुलगी खुर्ची ओढून जवळ आली. “हे बघ, तपासणारे बाहेरचे आहेत. त्यांना ती अक्षरं कोणाची ते काय ठाऊक? त्यांना वाटेल काहीतरी गिरबटलंय. तू गप्प राहिलीस तर कोणालाच कळणार नाही.”

“हो,” आई म्हणाली. “कोणालाच कळणार नाही.”

हे वाक्य तिने स्वतःशी एकदा पूर्वीही म्हटलं होतं. चाळीस बाटल्यांसमोर उभं राहून.

सोमवारी ती पाऊण तास आधी पोचली. कपाटातून कोरा पापाचा कागद काढला, ओव्हनच्या शेजारच्या कोरड्या फळीवर ठेवला आणि उभ्यानेच भरायला घेतला. मराठीत विचार करून इंग्रजीत आणायचं नाही, असं मॅडम नेहमी सांगत. वाक्य आलं तर अख्खं येऊ द्या. पहिली चौकट दोन ओळींत झाली. उत्तरपत्रिकेत दुरुस्ती करताना मी नऊ ठिकाणी छोटी सही केली. मी सूचना वाचल्या होत्या. माझा हात कामावरच्या सवयीने चालला. दुसरी चौकट: काल दुपारी माझ्या मुलीबरोबर प्रश्नपत्रिका पाहताना मला हे कळलं. तिसरी: तपासणाऱ्याला माझी ओळख पटू शकते, इतर उमेदवारांवर अन्याय होऊ शकतो. चौथ्या चौकटीशी ती थांबली. पुढे काय करावं. भेगाळलेलं बोट कागदाच्या कडेवरून दोनदा फिरलं. मग तिने लिहिलं, ‘माय पेपर मे बी कॅन्सल्ड.’ माझा पेपर रद्द करण्यात यावा.

मॅडम आल्या तेव्हा वॉच ग्लासखाली फिल्टर पेपर नव्हता. मावशीच उभी होती, हातात कागद घेऊन.

मॅडमनी तो वाचला. सवयीने पेन्सिल उचलली. पहिल्या ओळीवर टोक ठेवलं, मग दुसऱ्या.

“मावशी, इथे आपण आय लिहीत नाही. ‘इट वॉज नोटिस्ड’ लिहितात.”

“ठाऊक आहे. तुम्हीच शिकवलंत. पण सही मी केली, आणि पाहिलंही मीच. या खेपेला माणूस बाजूला नको.”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी नुसत्या डोळ्यांनी.

“एकदा दिला की परत घेता येणार नाही. पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा तुमचं वय बसणार नाही.”

“तेव्हाही कुठे परत घेतला होता?”

मॅडमनी रजिस्टर ओढून कागदाला क्रमांक दिला, ‘पाहिले’च्या जागी सही केली आणि तो प्रयोगशाळाप्रमुख साहेबांकडे जाणाऱ्या ट्रेमध्ये ठेवला. चष्मा काढून पुसला. तो पुसण्याइतका मळलेला नव्हता.

मंगळवारी स्टोअरकीपरने दारातून डोकावून विचारलं, “मावशी, खरंच लेखी कळवलंत? पाण्यासारखा सोपा पेपर होता म्हणे. गप्प बसायचं ना.”

“साबण आणलात का?”

त्याने साबण ठेवला. जाताना मान हलवत म्हणाला, “बाटल्या धुता धुता डोकं धुतलं गेलं तुमचं.” पण आवाजात नेहमीची खोच नव्हती, आणि ब्रश दोन जास्तीचे होते.

बुधवारीही तिने काही विचारलं नाही. दुपारी वॉच ग्लासखाली एक कोरा फिल्टर पेपर दिसला. चांगला, न दुमडलेला. त्यावर मॅडमचं अक्षर: ‘आजचा प्रश्न?’

तिने बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, ‘मे आणि माइट. जास्त आशा कशात?’

उत्तर चहाआधीच आलं. ‘मेमध्ये. थोडीशी.’

शुक्रवारी साडेअकराला शिपाई तिच्या खोलीत आला आणि हातातला कागद ओल्या फळीवर कुठे ठेवू म्हणून शोधत राहिला. तिने हात पुसून कागद हातातच घेतला. तिचाच पापाचा कागद. पहिल्या तिन्ही चौकटी जशाच्या तशा. चौथीत ‘कॅन्सल्ड’ या शब्दावर पट्टीने मारल्यासारखी एक सरळ रेघ होती, आणि खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता. वर निळ्या शाईत साहेबांनी लिहिलं होतं की उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हस्ताक्षरात उतरवून घ्यावी, सह्या वगळून, नवीन क्रमांक देऊन, आणि तपासायला पाठवावी. शेजारी साहेबांची छोटी सही.

तिने खोडलेला शब्द वाचला. मग वरचं वाचलं. मग पुन्हा खालचा. नळ चालू राहिला होता, तो बंद केला. पेपर तपासला जाणार होता. पास की नापास, ते अजून कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण तो आता इतर तिसांच्या गठ्ठ्यात जाणार होता.

फाइलला लावण्याआधी तिने सवयीने कागद आणखी एकदा पाहिला, वरून खाली, लेबल पाहतात तसा. आणि थबकली.

जिन्यावर तिला वाटलं, ॲप्रन तरी काढून ठेवायला हवा होता. पण तोवर ती वरच्या मजल्यावर पोचली होती. साहेबांच्या दारावर तिने दोनदा टकटक केली. साहेब फोनवर होते. त्यांनी मानेने आत बोलावलं, फोन ठेवला, तिच्या हातातला कागद ओळखला आणि जरासे हसले.

“मावशी. आभार वगैरे मानायला आला असाल तर नको. अजून निकाल कुठे लागलाय?”

“नाही साहेब. तारीख राहिली.”

“कशाची?”

तिने कागद टेबलावर ठेवला आणि बोट त्या जागेशी नेलं, न टेकवता, कारण बोट ओलं होतं. “खोडलंय तिथे. रेघ आहे, सही आहे, तारीख नाही. असा कागद फाइलला घेता येत नाही.”

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. कागद जवळ घेऊन पाहिला.

“आणि नमुना खोलीत असं काही आलं असतं तर?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“परत पाठवलं असतं.”

“माझी सही असली तरी?”

“सही आहेच की. तारीख नाही.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“आज किती?”

तिने सांगितलं. त्यांनी सहीच्या शेजारी तारीख घातली आणि कागद तिच्याकडे फिरवला. तिने लगेच उचलला नाही. शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.